पाच गिगाहर्ट्झचं गायरान

सित्रा बेटावर, तेलाच्या टाक्यांच्या मागच्या अंगाला
आमच्या कॅम्पची तीन मजली इमारत.
खोलीत माणसं आठ, राउटर एक.
खोल्या बेचाळीस. हिशेब तुम्हीच करा.

हवेतला तो पट्टा कुणाच्या नावावर नाही.
सातबारा नाही, लिलाव नाही, कुंपण नाही.
गावाला गायरान असतं तसं:
चारा आपापला न्यावा, मुळं उपटू नयेत.

राउटर तसा भिडस्त प्राणी.
बोलायच्या आधी कान देतो.
कुणी बोलत असेल तर थांबतो,
सगळं शांत झालं तरी लगेच तोंड उघडत नाही;
मनातल्या मनात फासा टाकतो,
सात पडले तर सात मोजतो,
मग म्हणतो, बोलू का?
दोघं एकदम बोलले तर दोघंही ओशाळून गप्प,
पुढचा फासा दुप्पट मोठा.
बेचाळीस राउटर, शुक्रवारची संध्याकाळ,
तरी सगळ्यांची पोरं पडद्यावर दिसायची.
अडखळत. पण दिसायची.

मार्चमध्ये तो पांढरा डबा खांबावर मीच चढवला.
मोबाइल कंपनीचा.
त्याची स्वतःची जमीन होती, कोट्यवधींना घेतलेली,
तरी गायरानात उतरला.
फासाबिसा त्याला ठाऊक नाही. वेळापत्रक ठाऊक.
बळी तो कान पिळी म्हणतात,
या बळीला कानच बेताचे बसवलेले:
ओरडलं तर ऐकू येतं, कुजबुज नाही.
आणि आमचे राउटर सगळे भिंतीआडून कुजबुजणारे.

पहिल्याच शुक्रवारी तेवीस नंबरच्या हुसैनमियां सरगुरोहने
माझ्यापुढे फोन धरला.
दापोलीची नात, पुढचा दात पडलेला, तोंड उघडं,
आणि गोल फिरणारं चक्र नेमकं त्या फटीत.
"सायब, ही मघापासून हसतेच आहे."

ऑफिसात वर्कीने आलेख काढून दाखवला.
अर्धा वेळ आपला, अर्धा त्यांचा.
निम्मं-निम्मं. याहून न्याय तो काय?
म्हटलं, त्यांचा म्हणजे बेचाळिसांचा.
तो म्हणाला, कागदावर ते एकच नाव आहे.
रिपोर्टात लिहायचं होतं, सहजीवन समाधानकारक.
(आमच्याकडे हा शब्द
लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला काढतात,
तेव्हाही कुणी मोजून बघत नाही.)

रात्री गच्चीवर बसलो, मांडीवर लॅपटॉप,
समोर रिफायनरीची ज्योत एकटीच बडबडत.
डब्याला म्हटलं, अर्धा वाटा म्हणजे न्याय नव्हे, बाबा.
तुझ्या जागी आणखी एक गरीब राउटर आला असता
तर आम्ही जेवढे सरकलो असतो
तेवढंच सरकायला लाव.
त्रेचाळिसावा हो.
बास.

सेटिंगमध्ये एक आकडा असतो. कानाचा.
उणे बासष्टचा उणे ब्याऐंशी केला.
कुणाला विचारलं नाही.
लॉगमध्ये नाव आहे: प्र. गवाणकर, रात्री अकरा बावीस.
विचारतील तेव्हा विचारतील.

पुढच्या शुक्रवारी तेविसातून हसणं ऐकू आलं,
म्हाताऱ्याचं आणि पोरीचं, एकाच वेळी.

माझा फोन मात्र त्या डब्यावरच.
कंपनीचं सिम, फुकट डेटा,
मार्चपासून लोण्यासारखा चालायचा; मी कधी बोललो नाही त्यावर.
कुडाळला लावला. उज्ज्वला म्हणाली,
"अहो, ऐका ना, त्या विहिरीच्या पंपाचं"
आणि थिजली. एक भुवई वर.
चक्र फिरायला लागलं.
चार. पाच.
मी मोजत बसलो. सहा.
खाली कुणीतरी बोलत होतं.